सटवाजीच्या उणेपणाची मोजणी

श्री. मोजणाऱ्यांस दृष्टी द्यावी आणि मोजले जाणाऱ्यांस धीर द्यावा, ऐसे देवास मागून लिहावयास बसलो. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही; ज्यांस ठाऊक आहे त्यांस ठाऊक आहे.

त्या राज्यात सटवाजी म्हणून नगारची होता. त्याने किल्ल्याच्या नगारखान्यात एकतीस वर्षे नगारा वाजविला, आणि वाजविता वाजविता त्याचे कान गेले, आणि मग एके दिवशी जिन्यावरून घसरून उजवा गुडघा निकामी जाहला, आणि मग नगारखान्याच्या दारोग्याने फर्माविले की ज्यास जिना चढवत नाही आणि इशारत ऐकू येत नाही तो नगारची कशाचा, आणि कागद करून त्यास चाकरीवरून दूर केले. राहावयास किल्ल्याखाली सरकारची खोली होती, ती चाकराची; चाकरी गेली तेव्हा खोली दसऱ्याच्या आत खाली करावी ऐसा हुकूम आला. परंतु सरकार दयाळू. जो चाकर देहाने उणा जाहला त्यास खोली हयातभर आणि शिधा दरमहा, ऐसी सनद होती, आणि सनदेस अट एकच, की उणेपण शंभरांत चाळीस भाग भरले पाहिजे. भरले तर खोली राहील. न भरले तर सटवाजीने आणि त्याची अस्तुरी येसू हिने जावयाच्या दारी जाऊन पडावे. जावई भला आहे ऐसे कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही.

मग सटवाजी मोजणीस गेला. पायाचे वैद्य पूर्व दरवाजात बसत आणि कानाचे वैद्य पश्चिम दरवाजात बसत, आणि मधले अंतर पाव कोस, ते लंगड्याने चालावे. पायाच्या वैद्यांनी गुडघा वाकवून पाहिला आणि तीस भाग लिहिले. मग कानाच्या वैद्यांनी बंद खोलीत घंटी वाजवून पाहिली आणि बारा भाग लिहिले. येसूने बोटांवर मोजिले आणि म्हणाली, "तीस नि बारा बेचाळीस! अहो, दोन वरती झाले की!" आणि उभयता मोठ्या खुशीने मोजणी कचेरीत विसाजीपंत कारकुनांपुढे उभी राहिली.

विसाजीपंत कागद पाहून म्हणाले, "बाई, ही बेरीज बाजारातली झाली. दरबारची निराळी असते. पायाचे तीस गेले, मग नवरा तुमचा शंभर राहिला का?"

"शंभर कुठले? सत्तर."

"हां. आणि कानाचे बारा लिहिलेत ते पुऱ्या माणसाच्या कानाचे. हे पुरे नाहीत. ह्यांचा कान म्हणजे सत्तर भागांच्या माणसाचा कान. तेव्हा बारांचे धरायचे आठ, वर थोडा चुरा. तीस नि आठ अडतीस. चुरा आम्ही सोडून देतो."

येसू म्हणाली, "म्हणजे माणूस जितका जास्त मोडेल, तितका त्याचा पुढचा अवयव स्वस्त?"

"असं लिहिलेलं कुठं नाही," पंत म्हणाले, "पण होतं तसं खरं." आम्ही हे गणित घरी तीन वेळा करून पाहिले, अक्षरशः बरोबर आहे. काय बोलावे!

मग पंतांनी रिवाजाप्रमाणे निकाल मोठ्याने वाचला, "उणेपण अडतीस!" आणि सटवाजीस 'चाळीस' ऐकू आले, आणि त्याने उपरण्यात बांधून आणिलेला गूळ सोडून साऱ्या कचेरीस वाटला, आणि पंतांच्या पायां पडला, आणि पंतांनीही सवयीने खडा तोंडात टाकिला. तेव्हा येसू कडाडली, "अहो पंत, बघा तरी! अडतीसचं चाळीस ऐकतात हे. हा कान बारांचा? मग तोंडात गूळ आहे तो कशाचा, सांगा की!" पंतांनी तोंडातला गूळ गिळून कानाच्या फेरमोजणीचा हुकूम दिला आणि हेही सांगितले की कान पंधरा भरला तर त्याचे साडेदहा धरतील आणि चाळीस पुरे होतील.

तिसऱ्या दिवशी उभयता पुन्हा पश्चिम दरवाजात गेली. वाटेने येसूने त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितले, "काय वाट्टेल ते वाजू दे, हात वर करायचा नाही. ढिम्म बसायचं. घ्या शपथ!" सटवाजीने कुलदेवतेची शपथ घेतली. या खेपेस वैद्यांनी घंटी बाजूस ठेवून नगाऱ्याजोगा लहानसा डग्गा आणविला, आणि सटवाजीस फळ्यांच्या जमिनीवर पाठमोरा बसवून वाजविला. सटवाजी ढिम्म. अधिक जोराने वाजविला. सटवाजी ढिम्म. येसू दाराच्या फटीतून पाहत होती, ती देवाचे नाव घेऊ लागली. मग वैद्यांनी आकडा लिहावयास उजव्या हाती बोरू घेतला आणि शेवटची खेप म्हणून डाव्या हाताने उगीच वाजविला, आणि चौथा ठोका मागे पडला, आणि सटवाजी गर्रकन वळून म्हणाला, "अहो वैद्यबुवा, चौथा ठोका चुकला! असा वाजवला असता तर आम्हाला नगारखान्यातून खाली ढकलून दिलं असतं!"

वैद्यांनी कान दहा लिहिला. सटवाजीने हात जोडून सांगितले की आवाज कानास आला नाही, फळीतून पायास आला. वैद्य म्हणाले की पायाने ऐकण्याचे कलम जंत्रीत नाही. आणि विसाजीपंतांस हे कळले तेव्हा त्यांनी शंका काढिली की पाय जर कानाचे काम करीत असेल तर पायाचेही तीस फेर तपासावे की काय. मग मात्र येसूने नवऱ्याचा दंड धरून त्यास बाहेर ओढिले. कानाच्या दहांचे सात, तीस नि सात सदतीस, आणि त्यावर शिक्का जाहला.

बाहेर पायरीवर येसू त्याच्या कानाशी ओरडली, "शपथ घेतली होती ना? एवढं घर चाललंय, एक ठोका गप्प बसवलं नाही तुम्हाला?"

"येसू, चुकला होता गं."

येसूने पुन्हा तोंड त्याच्या कानाशी नेले. मग म्हणाली, "फार चुकला होता?"

"माझ्या चालण्यासारखा."

"मग कसे गप्प बसणार तुम्ही," ती म्हणाली, आणि पदर तोंडास लावून रडू लागली, आणि हे बोलणे तिने ओरडून केले नव्हते म्हणून सटवाजीस ते कळले नाही. गेल्या दसऱ्याआधी दोन दिवस खोली खाली जाहली.

एकूण मजकूर इतका, की दारोग्याच्या दफ्तरी सटवाजी चाकरीस फार उणा आणि विसाजीपंतांच्या दफ्तरी सनदेस फार पुरा, आणि दोन्ही कागदांवर शिक्का एकाच सरकारचा आहे. आम्ही तो स्वतः पाहिला. लेखनसीमा.