एकट्याची टोपी

धाकट्याच्या इंग्रजीचं काय करायचं, यावर उपाय म्हणून वहिनीने शेवटी दादाची लोकरी कानटोपी बाहेर काढली.

"हे बघा भावजी, एकटा माणूस काही करत असला की इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी एस लागतो. दोघंतिघं मिळून करत असले की नाही लागत. एस म्हणजे ही टोपी. घरात जो एकटा काम करेल त्याने ती घालायची, दुसरा मदतीला आला की काढायची. विसरेल तो भांडी घासेल."

धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. बंद पडलेल्या लिफ्टमधून त्याने जिला बाहेर काढलं, तिच्याशीच त्याला लग्न करायचं होतं, आणि तिलाही त्याच्याशीच. अडचण होती ती तिच्या बाबांची. जावयाला इंग्रजी येत असेल तरच पुढची बोलणी, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. "अहो, आमचे भावजी झोपेतसुद्धा इंग्रजी बोलतात," अशी थाप वहिनीने ठोकून दिली होती. ती आता रविवारपर्यंत खरी करायची होती.

भांड्यांच्या धाकाने आठवडाभरात अख्खं घर इतकं तयार झालं, की काम दिसलं की हात आपोआप टोपीकडे जाई. धाकट्याचं इंग्रजी मात्र होतं तिथंच होतं.

रविवारी बाबा मुलीला घेऊन तासभर आधीच आले. पंखा गरम वारा फेकत होता, आणि दादा चहा घेऊन आला तो कानटोपी घालून.

"घरात टोपी?" बाबांनी विचारलं.

"सर्दी झालीय जरा," दादा म्हणाला.

वहिनी पाणी आणायला उठली. जाताजाता तिने दादाच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली.

"यांनाही सर्दी?"

"साथच आहे हो!" वहिनी आतून ओरडली.

बाबांनी नाकाला रुमाल लावला आणि खुर्ची खिडकीकडे ओढली. चहाला बोटही लावलं नाही. दादा मदतीला आत गेला, तशी वहिनीने टोपी काढून बाहेर कोचावर भिरकावली. बाबा दचकून उभेच राहिले.

"आपण पुन्हा कधीतरी भेटू. माझी तब्येत नाजूक आहे. चल गं."

मुलीचा चेहरा पडला. ती जागची हललीच नाही. बाबा एकटेच तरातरा दाराकडे निघाले, आणि धाकट्याच्या हाताने, धाकट्याला न विचारता, कोचावरची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर चढवली.



"सर्दी नाहीये कुणाला," धाकटा रडकुंडीला येऊन म्हणाला. "इंग्रजी नाहीये. मला." आणि त्याने थापेपासून टोपीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

बाबा टोपीसकट खुर्चीत बसले. "म्हणजे मला टोपी घातलीत ती घातलीत, वर लोकरीची!"

मुलगी खो खो हसत सुटली. ती थांबेचना. मग बाबांच्या मिशाही हलू लागल्या.

"एवढ्या उकाड्यात आठवडाभर सगळे ही घालून फिरलात? माझ्या होकारासाठी?"

"भांडी घासायला नकोत म्हणून," दादा आतून बाहेर येत प्रामाणिकपणे म्हणाला.

बाबांनी टोपी काढून धाकट्यापुढे धरली. "घ्या जावईबापू. अभ्यास चालू ठेवा."

पण मुलीने रिकामे कप गोळा केले होते, धाकट्याने ट्रे उचलला होता, आणि दोघं स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते.

"आम्ही दोघं आहोत, बाबा," ती म्हणाली. "आम्हाला नाही लागत."

 बाबांनी आपला निवलेला चहा उचलला, आणि टोपी गुपचूप पुन्हा डोक्यावर घातली.