जिंकून आलेले याकोबनाना

मिरजेत आमच्या गल्लीत कुणा ख्रिस्ती घरी बाळ झालं की पेढ्यांच्या आधी याकोबनाना येतात. बाळंतीण कशी आहे, बाळ कुणावर गेलंय, असलं काही विचारायचं नाही. उंबऱ्यातूनच खणखणीत आवाज: "तिकीट काढलं का?"

नव्या सुना बिचकतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला कुठं तरी गावाला जायचंय. मग सासू कानात सांगते की तिकीट म्हणजे बाप्तिस्मा, पाळक बाळाच्या डोक्यावर पाणी घालून नाव ठेवतात तो. नाना मिरज जंक्शनला टीसी होते. काळा कोट कधीच ट्रंकेत गेला, पण टीसी काही अंगातनं गेला नाही. "बाप्तिस्मा म्हंजे तिकीट. तिकीट न्हाई तर डब्यात पाय ठिवायचा न्हाई. स्वर्ग म्हंजे काय धर्मशाळा हाय व्हय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

मी शिंपीण. मी आपली देवळात जाणारी, पण गल्लीतल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याचे पांढरे फ्रॉक माझ्याच मशीनवर होतात. त्यामुळं नानांचा मुक्काम बरेचदा माझ्या दुकानात. कुणाचा फ्रॉक झाला, कुणाचा राहिला, याची चौकशी आईबापांपेक्षा त्यांनाच जास्त. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "नाना, मग आम्हा बिनतिकिटांचं काय हो?"

"तुमची लाइन निराळी, सुलाबाई. दुसऱ्या डिव्हिजनमधी मी कशाला तोंड घालू?" म्हणाले. निदान एवढं तरी सौजन्य होतं म्हणायचं.

त्यांच्या माणसांना मात्र सुटका नाही. गल्लीतली टवाळ मंडळी मुद्दाम खोड काढायची, "नाना, येशूच्या शेजारी वधस्तंभावर जो चोर होता, त्याला कुठं बाप्तिस्मा मिळाला होता? तो गेलाच की स्वर्गात!" झालं. नानांचं डोकं सटकायचं. साऱ्या जगात त्यांचा वैरी एकच, तो चोर. "त्या भामट्यानं लय वांधे करून ठिवल्यात! आरं, त्येला खुद्द मालकानं पास दिला. तुझ्याकडं हाय का मालकाच्या सहीचा पास? न्हाई ना? मग गप तिकीट काढ."

चर्चला नवा पाळक आला की आठवडा उलटायच्या आत नाना त्याच्या दारात. विषय एकच. बाप्तिस्म्याविना माणसाचं तारण होतं का, स्वर्ग मिळतो का नाही? पाळक बिचारे शिकलेले, पण नानांपुढं कोण टिकणार? एक जण "तुमचंच बरोबर आहे नाना" म्हणून सरळ चहा टाकायला उठायचे. दुसरे तर नाना फाटकात दिसले की पेटी काढून भजन सुरू करायचे. तिसऱ्यांनी ऐन वादात बदलीच मागून घेतली, असं गल्ली म्हणते. गल्ली काय, काहीही म्हणते.

एक मात्र मला कळायचं नाही. वाद जिंकून आलेला माणूस मिशीला पीळ देत येतो. नाना यायचे ते तोंड पाडून. मार्थाकाकू, त्यांची बायको, माझ्याकडं काजं-बटणं करायला बसते. ती म्हणायची, "आज परत जिंकून आल्यात. ताट तसंच झाकून ठिवलंय." मला वाटायचं, पित्ताचा त्रास असेल.

शेवटी एके दिवशी मी विचारलंच. काकूनं सुईत दोरा ओवत सांगितलं. "आमाला एक पोरगी झाली हुती. एकच. बाप्तिस्मा पुढल्या रविवारी करू म्हणले, ह्यांना रजा मिळंना. रविवार यायच्या आत गेली. तवाचे पाळक म्हणले, नियम म्हंजे नियम, पुढचं देवाला ठाऊक. तवापास्नं हे असंच."

म्हातारा दारोदार तिकीट तिकीट करत फिरतो आणि आम्ही खुशाल हसतो! लाज वाटली मला.

आता हल्लीचं ऐका. समोरच्या साळव्यांना नातू झाला. नाना पेढ्यांआधी हजर. साळवे म्हणाले, करू की, बाळाचा मामा दुबईत आहे, त्याला येऊ दे. मामा आला तर हॉल मिळेना. हॉल मिळाला तर फोटोवाल्यानं थीम काढली, सगळ्यांनी फिकट निळं घालायचं. मग निळ्या साड्यांची खरेदी. तोवर इकडं फ्रॉकाच्या शिवणीत मी सोडलेली जादा कापडाची माया उसवून उसवून संपली. बाळाला दात आले.

"दात आलं, सुलाबाई!" नाना माझ्यावरच ओरडले, जणू ते मीच बसवलेत. "लेकराचं काय बरंवाईट झालं म्हंजे? फोटोवाला जाणार हाय का त्येच्यासंगं?"

त्याच दुपारी नवे पाळक माझ्या दुकानात आले. जतकडचे, तरुण, काडीसारखे, स्कूटरवरनं फिरणारे. आधीचे पाळक ताडमाड, त्यांचाच पांढरा झगा यांच्या वाट्याला आलेला, पायात अडकायचा. मी त्यांना स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून घेराला टाचण्या लावायला लागले. अर्धा घेर झाला आणि दारात नाना!

पाळकांना पळायला वाव नव्हता. हलले की टाचणी टोचायची. नानांनी सुरू केलं, पाणी, शास्त्र, तिकीट, धर्मशाळा, साळव्यांचा नातू, सगळं. मला वाटलं, आता हाही म्हणणार, तुमचंच बरोबर.

पाळक म्हणाले, "नाही नाना. पटत नाही मला."

नाना चमकले. "काय पटत न्हाई? बाप्तिस्मा नको?"

"पाहिजे. घ्यायलाच पाहिजे, उशीरही करू नये. साळव्यांना मी सांगतो, ते फिकट निळं बाजूला ठेवा. पण एखाद्याला नाही मिळाला, म्हणून देव त्याला सोडून देतो, हे मी मरेपर्यंत म्हणणार नाही."

"मग लेकराचं काय?" नानांचा आवाज चिरकला. "तान्ह्या लेकराचं! बिनपाण्याचं गेलं तर? सांगा! नियम काय म्हणतो?"

"तुम्ही इतकी वर्षं गाडीत तिकिटं तपासली. अंगावर पिणाऱ्या पोराला कधी खाली उतरवलंत?"

"आसं कसं उतरवीन? पाच वर्षांखाली तिकीट लागतच न्हाई."

"रेल्वेला एवढं कळतं," पाळक म्हणाले, "आणि देवाला कळत नाही?"

नाना माझ्या चिंध्यांच्या गाठोड्यावर धपकन बसले.

"परत म्हणा," म्हणाले.

पाळकांनी परत म्हटलं, हळू, एकेक शब्द.

"म्हंजे मी हरलो?"

"साफ हरलात नाना."

"नक्की? आता चहा टाकाय उठणार न्हाई न्हवं?"

"टाचण्या आहेत," पाळक म्हणाले. "हलता येत नाही."

नाना हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मी वादात जीव खाऊन ढकलायचो वो," म्हणाले. "वाटायचं, कुणी तरी उलटं ढकलंल. समदी बाजूलाच सरकायची." मग त्यांना आवरेना. एवढा खणखणीत माणूस, पोरासारखा रडला. मलाही राहवलं नाही, टाचण्या तोंडात धरून मी आपली नाक ओढत बसले.

मार्थाकाकू कोपऱ्यात बटणं लावत होती. ती उठली आणि पदर खोचून त्यांच्यापुढं उभी राहिली. "आवं, मी तरी इतकी वर्षं दुसरं काय सांगत हुते? पर बायकोचं बोलणं म्हंजे काय शास्त्र हाय व्हय?"

"तसं न्हवं गं," नाना डोळे पुसत म्हणाले. "पर तिचं नाव बी न्हाई ठिवलं आपण. बाप्तिस्म्यातच ठिवायचं हुतं. आता एवढं समदं कळलं, तर तिला हाक काय म्हणून मारायची?"

"तुमी न्हाई ठिवलं," काकू म्हणाली. "मी ठिवलंय. मी मारते की रोज हाक."

नाना पुढं झुकले. "काय म्हणून मारतीस?"

"सुमन."

नानांनी ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग गाठोड्यावर बसल्या बसल्याच त्यांनी हाक मारली, अगदी हळू, झोपलेल्या पोरीला सकाळी उठवताना बाप मारतो तशी. "सुमन... ए सुमन."