मुरलीधरचं धुराचं कपाट

शुक्रवारी सकाळी मुरलीधर सावे दुबईतल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर बोकडाची अख्खी तंगडी घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर कमरेएवढं एक काळं कपाट होतं. खाली विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या कपच्यांचा ट्रे आणि वर मांस ठेवायच्या जाळ्या. दार लावून तासन्‌तास मंद धुरावर मांस शिजवायचं ते यंत्र. मुरलीधरचा गोरा साहेब दुबई सोडून जाताना ते त्याला देऊन गेला होता. साहेब त्याला स्मोकर म्हणायचा. मुरलीधरची बायको अर्चना त्याला धुराचं कपाट म्हणायची आणि त्याच्याकडे संशयाने बघायची.

साहेबाने जाताना सूचनाही दिल्या होत्या. थंडीत वापरणार असशील तर आधी रिकामाच नीट तापू दे, वाऱ्याच्या आड ठेव, आणि काही झालं तरी सारखं दार उघडू नकोस. मुरलीधरने ऑफिसातल्या सवयीने 'येस सर, येस सर' म्हणत मान डोलावली होती. दुबईत कसली आलीय थंडी, असं त्याच्या मनात होतं. नेमका त्याच शुक्रवारी जानेवारीतला बोचरा वारा सुटला आणि त्यांच्या अल मनखूल भागातल्या गच्च्यांवरचे कपडे दोरीसकट नाचायला लागले.

पण माघार घेणं शक्य नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे रफिकभाई आणि नूरजहाँभाभी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने कायमचे दापोलीला चालले होते. कुवेतवर हल्ला झाला त्या वर्षी मुरलीधरची कंपनी बंद पडली, तेव्हा रफिकभाईंनी आपल्या एवढ्याशा घरात मधे पडदा लावून मुरलीधर, अर्चना आणि तान्ह्या काव्याला ठेवून घेतलं होतं. पुढे नोकरीही त्यांनीच बघून दिली. त्याबद्दल आभार मानायला मुरलीधरने तोंड उघडलं की रफिकभाई म्हणायचे, "खलास! चहा पी." एकदा त्याने त्यांना शर्टाचं कापड दिलं, तर संध्याकाळी त्याच्या घरी सफारीचं कापड हजर. मिठाईचा डबा दिला, तर बिर्याणीचं पातेलं. उपकार फेडायला जावं आणि ते दुप्पट होऊन परत यावेत, असंच इतकी वर्षं चाललं होतं. आज मात्र रफिकभाईंना जन्मात खाल्लं नसेल असं काहीतरी खिलवायचं आणि समोर बसवून दोन शब्द बोलायचेच, असं मुरलीधरने ठरवलं होतं. ही शेवटची संधी होती.

त्याने मसाल्यात मुरवलेली तंगडी आत ठेवली, बटण दाबलं आणि दार लावलं. थोड्याच वेळात अर्चना वर आली.

"शिट्टी झाली का?"

"अगं, याला शिट्टी नसते."

"मग शिजलं हे कळणार कसं?" म्हणत तिने सरळ दार उघडलं. धुराचा लोट वाऱ्यावर भुर्रकन उडून गेला. "अहो, हे तर गारच आहे!"

"तू दार उघडलंस म्हणून गार झालं."

"उघडलं तेव्हाच गार होतं!"

हा वाद ऐकून शेजारचे गुणवंत वानखेडे आले. ते मूळचे नागपूरचे, आणि जगातला कुठलाही विषय त्यांच्या अभ्यासाबाहेरचा नव्हता. "थांबा, पाहू द्या बरं मले," म्हणत त्यांनी दार उघडलं, तंगडीला बोट लावलं आणि दार उघडंच ठेवून विचारात पडले. "मुरलीधरराव, माणसाले थंडी वाजली तर आपण काय करतो? पांघरूण घालतो का नाही?"

हे सगळ्यांना पटलं. अर्चनाने घरातल्या दोन सोलापुरी चादरी आणल्या आणि आजारी माणसाला गुंडाळावं तसं त्या कपाटाला चारही बाजूंनी गुंडाळलं. इतक्यात काव्या यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन धावत आली.

"बाबा! इट सेज नेव्हर कव्हर इट! आग लागेल! अँड स्टॉप ओपनिंग द डोअर, ऑल ऑफ यू!"

चादरी ताबडतोब निघाल्या. मग वाऱ्याला आडोसा म्हणून त्या कपड्यांच्या दोरीवर, यंत्रापासून लांब अशा टांगल्या. वारा अडला. आता काम होणार असं मुरलीधरला वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून त्याने दार उघडलं. आडोसा केल्याचा उपयोग होतोय का ते बघायला अर्चनाने उघडलं. या दोघांनी आत काय पाहिलं ते बघायला गुणवंतरावांनी उघडलं आणि मग ते जेवायला आपल्या घरी गेले. दुपार झाली तरी तंगडी होती तशीच, आणि साहेबाने दिलेल्या लाकडाच्या कपच्यांची मात्र राख झाली होती.

नमाजानंतर दुकानं उघडल्यावर मुरलीधर बाजारात पळाला. दिसेल त्या दुकानात विचारत सुटला आणि अखेर एका म्हाताऱ्या दुकानदाराने मान हलवली.

"लकडी के टुकडे? धुएँ के लिए?"

"हाँ हाँ, धुआँ एकदम बढ़िया होना चाहिए."

"घर पे मेहमान आ रहे हैं?"

"बहुत खास मेहमान!"

दुकानदाराच्या चेहऱ्यावर आदर दाटला. त्याने मखमली अस्तराच्या डबीतून काळसर कपच्या काढल्या. किंमत ऐकून मुरलीधरने मनातल्या मनात रुपये केले आणि अर्ध्यावरच सोडून दिले. रफिकभाईंसाठी मागेपुढे बघायचं नाही, असं म्हणून त्याने डबी उचलली.

कपच्या ट्रेमध्ये पडल्या आणि काही वेळातच सगळी बिल्डिंग घमघमायला लागली. खालून कोणीतरी ओरडून विचारलं, "लग्न कोणाकडे आहे?"

अर्चनाने नाकाला पदर लावला. "अहो, मटणाला अत्तर लावलंत का?"

काव्याने डबी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, दिस इज ऊद! पाहुणे आले की अरब लोक घरात जाळतात ना, ते! नॉट फॉर मीट!"

मुरलीधर मटकन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. त्याच वेळी जिन्यातून रफिकभाई आणि नूरजहाँभाभी वर आले. वासाचा माग काढतच आले होते. रफिकभाईंनी सुरी घेऊन तंगडीला काप दिला. बाहेरून शेखच्या दिवाणखान्याचा सुगंध आणि आत हाडाजवळ मांस कच्चं लाल. ते इतके हसले की त्यांना चादरीचा आधार घ्यावा लागला.

मुरलीधरच्या डोळ्यांत पाणी आलं. "रफिकभाई, आज तरी तुम्हाला माझ्या हातचं जेवू घालायचं होतं हो."

"अर्चना, कुकर काढ," नूरजहाँभाभी बाह्या सरसावत म्हणाल्या. "माझा खोक्यात गेलाय."

"भाभी, आज तुम्ही पाहुण्या आहात!"

"पाहुणी उद्यापासून. आज अजून या बिल्डिंगचीच आहे."

खाली मुरलीधरच्या घरी त्यांनी वरचं सुगंधी मांस कापून टाकलं, आतलं धुऊन कुकरला लावलं आणि अर्चनाचा जीव ज्या शिट्टीत अडकला होता ती शिट्टी एकदाची झाली. उद्या गाव सोडून जाणाऱ्या पाहुणीने रांधलेलं यजमान पोटभर जेवले. मटणाला अजूनही उदाचा पुसट वास होता, पण कोणी तक्रार केली नाही.

हात धुऊन मुरलीधर उभा राहिला. "रफिकभाई, त्या वर्षी तुम्ही पडदा लावून आम्हाला..."

"खलास!" रफिकभाई म्हणाले. पण या वेळी ते चहाचं बोलले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्या वर्षी हिची अम्मी गेली. लढाईच्या गडबडीत तिकीट मिळालं नाही, हिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. मी ड्युटीवर गेलो की ही भिंतीकडे बघत बसायची. कोणाशी एक शब्द नाही. मग तुम्ही आलात, आणि आल्या आल्या अर्चनाने हिच्या सोलकढीला नावं ठेवली."

"पातळ होती," अर्चना पुटपुटली.

"अजिबात पातळ नव्हती," नूरजहाँभाभी ताडकन म्हणाल्या.

"बघ! त्या दिवसापासून बोलतेय," रफिकभाई म्हणाले. "मुरली, तो पडदा मी तुमच्यासाठी लावला नव्हता रे. माझ्या घरासाठी लावला होता. तू आभार मानायला लागलास की मलाच लाज वाटायची, म्हणून चहा पाजायचो."

तेवढ्यात काव्या किंचाळली, "बाबा! यू नेव्हर स्विच्ड इट ऑफ!"

सगळे गच्चीवर धावले. यंत्र चालूच होतं. इतका वेळ कोणी दार उघडलं नव्हतं, त्यामुळे ते रिकामं कपाट आता साहेबाने सांगितलं होतं तसं छान तापलं होतं. पाचही जण हात पुढे करून त्याच्याभोवती उभे राहिले. मुरलीधरचा हात सवयीने दाराकडे गेला.

"उघडू नका!" सगळे एकदम ओरडले.

रफिकभाईंनी दोरीवरची सोलापुरी चादर ओढली आणि नाकाशी धरली. तिच्यात दिवसभराचा धूर, मसाला आणि ऊद सगळं मुरलं होतं. "ही मी नेऊ का रे दापोलीला? इथल्या घरांचा वास आहे हिला."

मुरलीधरने स्वतःच्या हाताने ती त्यांच्या खांद्यांवर पांघरली. रफिकभाईंनी ती घट्ट लपेटून घेतली. "शुक्रिया, मुरली. सगळ्याबद्दल."

"खलास, रफिकभाई," मुरलीधर डोळे पुसत म्हणाला. "चला, चहा घेऊ."