डावीकडे वळताना वाजणारा हॉर्न

"हॉर्न म्हणजे असतं काय? एक बॅटरी, एक तार आणि एक बटण," छकुलीचा बाबा म्हणाला. "वर्षभर कॉलेजात पोरांना मी दुसरं काय शिकवतो? त्यासाठी गॅरेजवाल्याच्या पाया कशाला पडायचं? अर्ध्या तासात वाजवून दाखवतो."

बाबा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याच्या जुन्या गाडीला एक खोड होती. तिचा हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडे वळवलं की वाजायचा. त्यामुळे समोर कोणी आडवं आलं की बाबा आधी गाडी डावीकडे घालायचा, मग हॉर्न वाजवायचा आणि मग डावीकडे जो कोणी उभा असेल त्याची खाली उतरून माफी मागायचा. लग्नानंतर छकुलीच्या आईला याची मोठी गंमत वाटायची. छकुली झाली आणि गंमत संपली. सोमवारी छकुलीला डोस द्यायला दवाखान्यात न्यायचं होतं. "सरळ वाजणारा हॉर्न नसेल तर माझी मुलगी त्या गाडीत बसणार नाही," असं तिनं शनिवारीच जाहीर करून टाकलं होतं.

छकुलीच्या आईचा स्वभाव जरा काळजीचा होता. जरा म्हणजे, छकुली झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. छकुली रडली तर का रडते म्हणून काळजी, आणि बराच वेळ रडली नाही तर का रडत नाही म्हणून काळजी. छकुलीच्या खाटेचे नटबोल्ट ती रोज स्वतः पान्यानं आवळायची. ते बिचारे केव्हाच घट्ट होऊन बसले होते, पण त्यांना दाद लागत नव्हती.

आणि छकुली झोपली की घरात संचारबंदी. भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही, शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यायची. चार महिन्यांत छकुलीच्या झोपेत आवाज करून बघायची कोणाची छाती झाली नव्हती.

तर त्या रविवारी दुपारी छकुली आजीच्या खोलीत तिच्या खाटेत झोपली. शेजारी पलंगावर आजी झोपली. आजीला साठीनंतर कमी ऐकू यायला लागलं होतं. तिनं कानातलं मशीन काढून नेहमीप्रमाणे डबीत ठेवलं. बाबा हत्यारांची पेटी घेऊन खाली गेला आणि छकुलीची आई लक्ष ठेवायला गॅलरीत उभी राहिली.

बाबानं स्टिअरिंगच्या मधली टोपी उचकटली. त्यातून एक स्प्रिंग टुणकन उडाली आणि मागच्या सीटखाली गेली. प्राध्यापक डोकं आत आणि पाय बाहेर अशा अवस्थेत बराच वेळ दिसत राहिले. स्प्रिंग मिळाली. मग टोपी बसली. मग हातात एक स्क्रू उरला.

"तो कुठला रे?" गॅलरीतून दबक्या आवाजात प्रश्न आला.

"कंपनी एखादा जास्तीचा देते," बाबा तितक्याच दबक्या आवाजात म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

हॉर्न वाजला. स्टिअरिंग सरळ असताना, खणखणीत वाजला. बाबानं वर बघितलं. पहिला आलेल्या मुलाच्या तोंडावर निकालाच्या दिवशी असतो तसला भाव त्याच्या तोंडावर होता. मग त्यानं बोट उचललं.

हॉर्न वाजतच राहिला.

त्यानं टोपीवर चापट मारली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. किल्ली काढून खिशात टाकली. हॉर्नला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. शेपूट दारात सापडलेल्या बैलासारखा तो ओरडत होता. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरचे वकीलकाका बनियनवर बाहेर आले.

"सर, वाजला तुमचा हॉर्न," ते ओरडून म्हणाले. "आता पुरे."

"पुरेच करतोय, काका."

"मग होत का नाही?"

बाबा एकेक फ्यूज उपटत सुटला. वायपर गेला, रेडिओ गेला, दिवा गेला. हॉर्न जागच्या जागी. शेवटी त्यानं बॉनेट उघडलं आणि दोन्ही हातांचा कर्णा करून वर ओरडला, "दहाचा पाना टाक. बॅटरीची तारच काढतो."

दहाचा पाना छकुलीच्या खाटेखाली होता, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. छकुलीची आई आत धावली. मूल किंचाळून निळं पडलं असेल, या धास्तीनंच तिनं दार ढकललं.

खिडकीच्या काचा थरथरत होत्या. छकुली उताणी, तोंड उघडं, दोन्ही हात डोक्याच्या वर. शेजारी आजी उताणी, तोंड उघडं, दोन्ही हात डोक्याच्या वर. दोघी गाढ झोपल्या होत्या.

तिला आधी इतकं हायसं वाटलं की ती दाराला टेकली. मग तिची नजर मशीनच्या डबीवर गेली. डबीवरून आजीच्या कानावर. तिथून छकुलीच्या कानावर.

छकुली झाल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जायचा. अगदी आजीवर गेलीय हो पोरगी. तेच नाक, तेच कान.

तिनं टाळी वाजवली. काही नाही. हाक मारली. काही नाही. पाना काढून खाटेच्या दांडीवर ठण्ठण् आपटला. छकुलीनं झोपेतच ओठ चोखले आणि हनुवटी आणखी वर केली.

खाली बाबा ओरडत होता, "पाना!" पण छकुलीच्या आईच्या डोक्यात आता पाना नव्हता. तसं नाही, ती स्वतःला म्हणाली, खुळखुळा वाजला की बघते की ती. बघते. ऐकते कशावरून? मी बोलले की हसते. म्हणजे माझं तोंड हलतं, त्याला हसत असेल. इतक्या लहान कानाचं मशीन मिळतं का? ती आई म्हणेल का? ऐकल्याशिवाय कशी म्हणेल? आणि रोज रात्री आपण बेसूर का होईना, पण घसा बसेपर्यंत अंगाई म्हणतो, ती इतके दिवस कोण ऐकत होतं? डोळ्यांना धार लागली. पाना छातीशी धरून ती खाटेशेजारी बसून राहिली.

पाना न मिळाल्यानं खाली हॉर्नचं मात्र आपोआप भागलं. बैलाचा आवाज बसला. त्याची शेळी झाली, शेळीचा डास झाला आणि डास मेला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. छकुली त्या टाळ्यांतूनही झोपून राहिली.

बाबा वर आला. नाकावर काळं, केसांत जळमटं, पायांत चपला नाहीत.

"बंद झाला," तो कुजबुजला.

"केलास?"

"नाही. जळाला." मग त्यानं तिचे डोळे पाहिले. "अगं, एवढ्यासाठी रडतेस? उद्या नवा बसवून आणतो. गॅरेजमधून. शपथ."

"तिला ऐकू येत नाही."

"आईला? मशीन काढलंय तिनं."

"छकुलीला," ती म्हणाली. "सगळी गल्ली उठली. ही हलली नाही. बघ कशी झोपलीय, अगदी तुझ्या आईसारखी."

आजीचं ऐकणं म्हातारपणी गेलं, ते नाकासारखं वारशानं येत नाही, असं सांगायला प्राध्यापकानं तोंड उघडलं. पण त्या दोन उघड्या तोंडांकडे बघून त्यालाही शंका आली. पोरीला जवळून बघायला तो खाटेशी हळूच उकिडवा बसला.

दुपारभर वाकून वाकून आखडलेला त्याचा उजवा गुडघा म्हणाला, कट्.

छकुलीनं डोळे उघडले. खालचा ओठ बाहेर काढला आणि हॉर्नला लाजवेल असा भोंगा पसरला.

"ऐकलं," छकुलीची आई म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "ऐकलं रे तिनं. गुडघा ऐकला तुझा." छकुलीला उचलून तिनं तिचे मुके घेतले, आणि मग एकाएकी थांबली. "पण हा उजवीकडून वाजला. डावा कान राहिला. इकडे ये. परत बस."

"अगं..."

"बस म्हणते ना."

तो डावीकडे जाऊन बसला. कट्. छकुली रडायची थांबली आणि तिनं मान वळवली. तो उठून उजवीकडे आला. कट्. मान इकडे. चौथ्या खेपेला छकुली खुदकन हसली. आता बाबालाही चेव आला. तासभर हॉर्नजवळ राहून त्याचे कान इतके गुणगुणत होते की ते त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तसाच तो बसत होता, उठत होता. आणि पान्यानं दिशा दाखवत छकुलीची आई म्हणत होती, "अजून एकदा. नीट पूर्ण खाली बसून."

दारात कोणीतरी खाकरलं. वकीलकाका उभे होते. गाडीत सापडलेला बाबाचा चष्मा परत द्यायला ते आले होते. त्यांनी कान धरून उठाबशा काढणारे प्राध्यापक पाहिले. हातात लोखंडी पाना घेऊन उभी असलेली, डोळे लाल झालेली त्यांची बायको पाहिली.

"सूनबाई," ते अतिशय हळू आवाजात म्हणाले, "झाली चूक त्याच्या हातून. पण पोरीसमोर तरी नको." चष्मा उंबऱ्यावर ठेवून आणि दार आवाज न करता ओढून ते निघून गेले.

त्या आवाज न झालेल्या दारानं आजीला जाग आली. तिनं शांतपणे डबी उघडून मशीन कानात घातलं आणि विचारलं, "काय रे, कधी सुरू करणार मग गाडीचं काम?"

पुढच्या रविवारी समोरच्या घरातल्या शिंप्यानं आपल्या स्कूटरचं चाक काढायला घेतलं, तर वकीलकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, वरच्या गॅलरीकडे नुसती भुवई उडवली, आणि तो मुकाट्यानं स्कूटर ढकलत गॅरेजकडे गेला. छकुलीच्या आईला बघून गल्लीतली पुरुषमंडळी हल्ली जरा बाजूला सरकून वाट देतात. सगळा प्रकार समजावून सांगावा, असं तिच्या बरेचदा मनात येतं. पण दुपारी छकुली झोपायच्या वेळेला आता गल्लीत कोणी सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही. त्यामुळे ती अजून कोणाला काही बोललेली नाही.