वामनराव साळिंदरांचे डोनट

एका जंगलात, मुलांनो, पेन्शन सुरू झाली होती. त्यामुळे तिथले म्हातारे प्राणी शिकाऱ्यांना कमी आणि रिकामपणाला जास्त भीत.

तिथे वामनराव नावाचे एक साळिंदर राहत. पाणवठ्याच्या कचेरीत ते कारकून होते. कोणी कधी पाणी प्यायचं हे वाघसाहेब ठरवत. वामनराव फक्त हरणांना "उद्या या" असं सांगत. पण हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं, की ते निवृत्त झाल्यावरही वाटेत दिसले की हरणं सवयीने परत फिरत.

निवृत्तीनंतर वामनरावांपाशी दोनच गोष्टी उरल्या. अंगावरचे काटे आणि स्वतःची मतं. दोन्ही टोकदार होती, आणि दोन्ही न विचारता उभी राहत.

मतं मांडायला चिंचेखालची जागा होती. रोज संध्याकाळी तिथे निवृत्तांची बैठक भरे. कासवअण्णा येत. घोरपडकाकू येत. बेकरीवाले अस्वलशेठ दुकान बंद करून उरलेसुरले डोनट घेऊन येत. डोनट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पुरणपोळी पुढे आली की तुम्ही तोंड वाकडं करून जे मागता, ते.

एका संध्याकाळी वामनरावांनी डोनटचा घास घेतला आणि बराच वेळ चघळला.

"वातड," ते म्हणाले. "पीठ नीट फुगू दिलेलं नाही."

"तुम्ही केलेत का कधी?" अस्वलशेठनी विचारलं.

"त्यात करायचंय काय? मैदा, दूध, यीस्ट. मळायचं, झाकायचं, तळायचं. घरी सहज होतील."

"मग रविवारी आणा की," अस्वलशेठ गोड आवाजात म्हणाले. जन्मभर मध खाल्ल्यामुळे त्यांना दुसरा आवाजच नव्हता.

"आणतील हो," घोरपडकाकू म्हणाल्या. "आणि नाही जमले, तर निदान डोनटांवर तरी गप्प बसतील."

"डोनटांवरच का?" कासवअण्णांनी मान बाहेर काढली. "सगळ्यावरच गप्प बसू दे. ठरलं मग! रविवारी चांगले डोनट आले नाहीत, तर सोमवारपासून वामनरावांनी इथे यायचं, बसायचं आणि नुसतं ऐकायचं."

सगळे हसले. वामनरावही हसले. पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. मुलांनो, दात पडलेले चालतात, दिसेनासं झालं तरी निभतं. पण ज्याने उरलेलं आयुष्य मतं देण्यात घालवायचं ठरवलंय, त्याला नुसतं ऐकायला बसवणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालण्यासारखं आहे.

रविवारी सकाळी वामनराव स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्या पत्नी इंदूबाई दारात उभ्या राहिल्या.

"अहो, दूध कोमट हवं. यीस्ट जिवंत असतं."

"अगं, न तापवलेलं दूध कोणी वापरतं का? चांगली उकळी आली पाहिजे."

उकळी आली. त्यात यीस्ट पडलं. पीठ मळून, झाकून, उन्हात ठेवलं. बराच वेळ गेला तरी ते होतं तसंच होतं.

"झोपलंय," वामनराव म्हणाले.

"गेलंय," इंदूबाई म्हणाल्या.

दुसरं पीठ वामनरावांनी कोमट दुधात भिजवलं. हे मात्र बायकोच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या अनुभवावरून, असं त्यांनी स्पष्ट केलं. पीठ टम्म फुगलं. वामनरावांनी ते पेल्याने गोल कापलं, बाटलीच्या झाकणाने मधली भोकं पाडली, गोल पुन्हा झाकून फुगू दिले आणि मंद आचेवर तळले. डोनट तांबूस, हलके, गुबगुबीत झाले. ताटंच्या ताटं मागच्या ओट्यावर मांडून वामनराव पिठीसाखर आणि दुधाचा पाक ढवळू लागले. अनेक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच बैठकीची मंडळी दारात आली. संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही म्हणाली.

"भोकं मध्यावर नाहीत," घोरपडकाकू ताटांवरून नजर फिरवत म्हणाल्या.

वामनराव पाक ढवळत राहिले.

"मेदूवडे छान जमलेत," कासवअण्णा म्हणाले. "चटणी कुठाय?"

वामनरावांनी दात आवळले.

"मला विचाराल तर," घोरपडकाकू म्हणाल्या, "हे इंदूबाईंनीच केलेत. यांनी फार तर ताट पुसलं असेल."

झालं! वामनरावांचे काटे खळ्ळकन उभे राहिले. ते तावातावाने काकूंकडे वळले, आणि वळताना त्यांची पाठ ओट्यावर घासली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक डोनटला काटे टोचले. गुबगुबीत डोनटांची चाळणी झाली.

मंडळींना ती चाळणी दिसायच्या आत वामनरावांनी पाकाचं पातेलं उचललं आणि सगळ्या ताटांवर ओतलं. आता हे शेवटचे शब्द, असं समजून ते म्हणाले, "घ्या."

मंडळींनी घेतले. अस्वलशेठनी दुसरा घेतला. मग तिसरा.

"वामनराव, पाक वरच राहायला हवा. हा आतपर्यंत मुरलाय! कसं केलंत?"

खरं सांगितलं असतं, तर सोमवारपासून तोंड उघडायची सोय राहिली नसती.

"पद्धत आहे एक," वामनराव म्हणाले. "आमच्या घराण्यातली."

इंदूबाईंना खोकला आला.

सोमवारी चिंचेखाली वामनराव सगळ्यांच्या आधी बोलले आणि सगळ्यांच्या शेवटीही बोलले. पण अस्वलशेठ धंदेवाले. त्यांनी डोनटावरची काट्यांची बारीक भोकं पाहिली होती, काकूंचं बोलणं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वामनरावांना बेकरीत बोलावलं, आणि काकूंना व अण्णांनाही.

मग रोज सकाळी असं चाले. गरम डोनट बाहेर येत. वामनराव त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. काकू त्यांच्या अकलेबद्दल बोलत, अण्णा त्यांच्या नोकरीबद्दल. काटे उभे राहत, डोनटांना भोकं पडत, पाक मुरे. बाहेर कोल्ह्या-लांडग्यांची रांग लागे. संध्याकाळचा मान टिकवण्यासाठी वामनराव रोज सकाळी नेमाने अपमान करून घेत.

पण अपमानाचीही सवय होते. एके दिवशी काकूंनी त्यांचं सगळं खानदान काढलं.

"बरं," वामनराव म्हणाले.

काटे आडवेच राहिले.

"वाघसाहेबांचा नुसता चहावाला होतास तू!" अण्णा ओरडले.

"हो. साखर कमी घेत," वामनराव म्हणाले.

डोनट निवत चालले. पाक वरून ओघळू लागला. बाहेर रांगेत कुरबुर सुरू झाली. काकूंनी घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. वामनरावांनाही घाम फुटला. आज डोनट बिघडले तर संध्याकाळी चिंचेखाली तोंड कुठल्या तोंडाने उघडणार? ते काटे उभे करायचा जिवापाड प्रयत्न करत होते. एकही हलेना.

शेवटी अस्वलशेठनी पुढे होऊन स्टूल सरकवलं. वामनरावांच्या पाठीवर अलगद हात ठेवला.

"असू द्या, वामनराव. बसा. या वयात व्हायचंच असं. तुम्ही इतके दिवस केलंत, हेच खूप झालं. गुडघे दुखत असतील ना? हा मऊसा डोनट खा. दुधात बुडवून देऊ?"

मुलांनो, त्या सकाळी काट्यांचा जो खळखळाट झाला तो पाणवठ्यापर्यंत ऐकू गेला. हरणं पाणी अर्धवट टाकून पळाली. डोनट टोचले गेले, स्टूल टोचलं गेलं, अस्वलशेठचा हातसुद्धा टोचला गेला. पाक असा मुरला की तसा पुन्हा कधी मुरला नाही.

काकू आणि अण्णांची नोकरी त्याच दिवशी गेली. आता रोज सकाळी अस्वलशेठ हाताला फडकं गुंडाळून येतात, आणि वामनरावांना मोठ्या मायेने विचारतात, "रात्री झोप लागली ना नीट?"

तात्पर्य, शाळेत ऐकाल त्याहून जरा वेगळं: राग गिळू नये, त्यात पाक मुरतो. आणि घरातल्या म्हाताऱ्याला घालूनपाडून बोलू नये, तो सरावतो. त्याची प्रेमाने काळजी करावी. लगेच कामाला लागतो.