पदरची ओळ

अनुवादककाकांचा जन्म गेला मिक्सर, पंखे आणि इस्त्र्यांच्या माहितीपत्रकांत. त्यामुळे साहेबांनी एका रॉक बँडची गाणी न वाचताच भाषांतराला दिली तेव्हा काका हरखून गेले. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. निदान गाणं तरी कानाशी चार शब्द बोलेल.

काकांची एक खोड होती. कच्चा मजकूर ते ठळक अक्षरांत छापून टेबलासमोर डकवत आणि अर्थ मुरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. 'भांडं रिकामं असताना मिक्सर फिरवू नका' हे वाक्य तिथे महिनाभर लटकलं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. या वेळी डकवलं होतं, 'खोलीत पाणी चढतंय, मी पोहणं विसरलोय. मला थोडी शांतता द्या.'

रिसेप्शनवालीनं ते वाचलं आणि काका जिवाचं काही बरंवाईट करून घेणार, अशी तिची खात्रीच झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी ऑफिसभर झाली. एरवी काकांचा डबा एकट्यानं उघडायचा आणि एकट्यानंच मिटायचा. त्या दिवशी तिघं जण खुर्च्या ओढून बसले, झोप लागते का विचारू लागले. काकांना इतकं बरं वाटलं की खुलासा करायला त्यांनी जरा उशीरच केला.

शेवटी ते साहेबांना म्हणाले, "अहो, ते गाणं आहे."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, काका."

माणसानं शांतता मागितली तर ती द्यायला हवी, असं साहेबांनी ठरवलं. काकांना कोपऱ्यातली खोली मिळाली. फोन काढला, दारावर 'त्रास देऊ नये' अशी पाटी लागली, चहासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवला जाऊ लागला. मागितलं एकानं आणि पदरात पडलं दुसऱ्याच्या.

त्या खोलीत काकांनी गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. ढोल बडवत, घसा फोडत हा गडी शांतता मागत होता. ज्याला खरंच शांतता हवी, तो एवढा ओरडेल कशाला? याला कुणीतरी जवळ हवंय, हे काकांना एकदम कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शेवटी एक ओळ लिहिली आणि काम साहेबांकडे पाठवून दिलं.

साहेब स्वतःच आले, जरासे ओशाळून. "म्हणजे ते खरंच गाणं होतं. आम्ही उगाच घाबरलो. आणि ही शेवटची ओळ, 'शांतता पुरे, कुणीतरी येऊन बसा माझ्याजवळ.' वाचून गलबलून आलं हो. पण मूळ गाण्यात काही सापडेना."

काकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "मूळ गाण्यात नाहीच ती. माझी आहे."

"असं होय." साहेबांना हायसं वाटलं. "मग काढून टाका. भाषांतरात पदरचं घालायचं नाही, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? आणि ही खोली आता तुम्हालाच राहू द्या. काम काय सुरेख होतंय इथे."

काकांची शांतता मोडू नये म्हणून जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.