मेंढी क्रमांक चारशे सात

बाळ यायला सहा आठवडे उरले होते. आजींनी लोकर आणायला पिशवी उचलली आणि सूनबाईंनी ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. इथपर्यंत कुठल्याही घरात घडतं तेवढंच घडलं होतं.

सूनबाई एका मोठ्या कंपनीच्या पर्यावरण विभागात होत्या. कंपनी नेमकं काय बनवते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते बनवताना पर्यावरणाला वाईट वाटू नये, ही जबाबदारी सूनबाईंची होती.

"आई, कोपऱ्यावरच्या दुकानातली लोकर म्हणजे निव्वळ प्लास्टिक."

"मग खरी आणते. मेंढीची."

"त्या मेंढीला कसं वागवलं, कातरताना जखमा केल्या का, कोण बघतंय?"

"बरं, सुताचं विणते."

"कापसाला पाणी किती लागतं, माहितेय?"

"बांबूचा धागा मिळतो म्हणे."

"तो करताना काय काय रसायनं ओततात, आई!"

'मग काय बाळाला पेपरात गुंडाळू?' हे आजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कागद झाडापासून होतो हे आठवलं आणि तोही मार्ग बंद झाला.

सूनबाईंनी नमुने मागवले. चार देशांतून नैतिक धाग्याचे बोटबोटभर तुकडे विमानाने आले. तुकडा पाकिटात, पाकीट डब्यात, डबा खोक्यात आणि खोक्यात गळ्यापर्यंत प्लास्टिकचे फुगे. पंधरा दिवसांत बाळासाठी मोकळा केलेला कोपरा खोक्यांनी भरला आणि सुईवर एक टाका चढला नाही. आजींचा जीव कासावीस झाला. बाळ काही नमुन्यांसाठी थांबणार नव्हतं.

अशातच त्यांची नजर आजोबांच्या राखाडी स्वेटरवर गेली. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच विणलेला, अस्सल लोकरीचा.

"अहो, काढा तो."

आजोबांना हुकमांची सवय होती. त्यांनी काढला, दुसरा तपकिरी चढवला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले. आजींनी जुना उसवायला घेतला.

सूनबाई हरखून गेल्या. "पुनर्वापर! आई, याच्याइतकं नैतिक काहीच नाही. फक्त प्रमाणपत्र लागेल. फोटो कंपनीच्या पानावर जाणार ना! माझंच बाळ अप्रमाणित लोकरीत दिसलं तर लोक काय म्हणतील?"

अर्ज नैतिक तंतू प्रमाणन मंडळाकडे करायचा होता. त्यात एक रकाना होता: 'लोकर शेवटी ज्या प्राण्याच्या अंगावरून उतरवली, त्याचे नाव.' आजींच्या मुलाने मदतकेंद्राला फोन लावला. "रकाना रिकामा सोडता येत नाही, सर," पलीकडून उत्तर आलं. मुलाने वडिलांचं नाव भरलं. खाली जातीचा रकाना होता.

"अरे, निदान मेंढा तरी लिही," आजोबा म्हणाले.

"बाबा, यादीत फक्त मेंढीच आहे."

आठवड्याभरात निरीक्षकबाई येऊन दाखल झाल्या. मेंढी क्रमांक चारशे सातचा बिल्ला त्यांनी बरोबर आणला होता. तो नियमाप्रमाणे कानात लावायचा. पण एका कानात आधीच ऐकायचं यंत्र होतं आणि दुसरा आजोबांनी हाताने झाकून धरला. शेवटी बिल्ला खिशाला लावला.

"मोकळं सोडता का यांना?" बाईंनी विचारलं.

"रोज संध्याकाळी," आजी म्हणाल्या. "चौकापर्यंत."

"आपणहून परत येतात?"

"अजून तरी आलेत."

"कातरताना इजा?"

आजोबांनी कानामागे बोट दाखवलं. "गेल्या महिन्यात न्हाव्याने."

बाईंनी 'किरकोळ' असं लिहिलं आणि पान उलटलं. "कलम नऊ, सहवास. मेंढी कळपाचा प्राणी आहे. एकटी ठेवली तर झुरते. रोज दोन तास यांच्याबरोबर कोण बसतं?"

"आम्ही सगळे घरातच असतो की," मुलगा फोनमधून मान वर काढून म्हणाला.

"घरात नाही विचारलं. बरोबर."

आजींना राग आला. "मी दिवसभर बोलते यांच्याशी!"

"काय बोलता?"

"हेच... पंखा बंद करा. चष्मा जागेवर ठेवा. पाय पुसून आत या."

"ते सहवासात धरत नाहीत, आजी," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "त्याला हाकणं म्हणतात."

मेंढी नापास झाली. फेरतपासणी एकवीस दिवसांनी. तोवर रोज दोन तास संपूर्ण कळप एकत्र बसेल, त्याचा फोटो पाठवेल, आणि विणकामही त्याच वेळात होईल, असा आदेश निघाला.

पहिल्या संध्याकाळी सगळे दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले. आजोबा खुर्ची आत वळवून बसले होते आणि कुणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजींनी धुतलेल्या लोकरीची लड सोडली, तेव्हा न सांगता आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. आजींनी लड त्यांच्या हातांवर चढवली आणि गुंडा करायला घेतला.

"बाबा, तुम्हाला हे येतं?"

"तुझे सगळे स्वेटर याच हातांवरून गेलेत."

मग हात अडकलेले असतानाच त्यांनी स्टेशनच्या घड्याळाची गोष्ट काढली. आजोबा घड्याळजी होते. दुरुस्तीनंतर त्यांनी ते घड्याळ चुकून तासभर मागे लावलं आणि सगळं गाव तासभर उशिरा कामावर गेलं, स्टेशनमास्तरसुद्धा! मुलगा हसता हसता खुर्चीवरून घसरला. आजींनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तरी हसण्याच्या भरात त्यांचे दोन टाके सुटले. आपण ही शेवटची कधी ऐकली, हे मात्र त्यांना आठवेना, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बाविसाव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. 'मेंढी समाधानी. मुदत एक वर्ष.' दोन दिवसांनी बाळ आलं, राखाडी स्वेटरमध्ये त्याचा फोटो निघाला आणि कंपनीच्या पानावर कौतुकाचा पूर लोटला.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता आजोबांनी खुर्ची आत वळवली आणि वाट बघत बसले. मुलगा फोन कानाला लावून समोरून गेला. "बाबा, प्रमाणपत्र आलं ना! आता थेट नूतनीकरणाला बसायचं, वर्षाने." सूनबाई बाळाला निजवत होत्या. आजी केरसुणी घेऊन आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "पाय वर घ्या."

आजोबांनी पाय वर घेतले. मग तपकिरी स्वेटर अंगातून काढला, घडी केली आणि आजींपुढे धरला. बाहेर चांगलीच थंडी पडली होती.

"हा उसव. नवा अर्ज करायला सांग त्याला."

"अहो, वेड लागलंय का? बाळाला आहे की स्वेटर!"

"बाळासाठी नाही गं," आजोबा म्हणाले.

आजींनी केरसुणी भिंतीला टेकवली. स्वेटर त्यांच्या डोक्यातून परत घातला, खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "सांगा बघू, त्या घड्याळाचं काय झालं होतं?"

मंडळाचं परवाच परिपत्रक निघालंय: यापुढे तपासणी अर्ज नसलेल्या घरांतही होईल, तीही न कळवता. तेव्हा हे वाचून झालं असेल, तर शेजारच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून कोण बसलंय, तेवढं एकदा बघून या.